राडारोड्याची शब्दनिश्चिती

वस्तू मोडली म्हणजे मोडली, असा एक भाबडा समज आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात कोणतीही वस्तू दोनदा मोडावी लागते. एकदा जागेवर आणि एकदा कागदावर. जागेवर मोडणं कुणालाही जमतं. त्याला एखादा जेसीबी, किंचित भूकंप किंवा भावाभावांतली वाटणी पुरते. कागदावर मोडायला मात्र शब्द लागतो. आणि शब्द चुकला तर मोडलेली वस्तू मोडलेली राहत नाही, नीटही होत नाही. ती प्रलंबित होते.

सोलापुरातल्या संबंधित कार्यालयाला हे फार उशिरा कळलं. (कार्यालयाचं नाव देत नाही. ज्यांचं तिथे काम पडलंय ते ओळखतीलच, आणि ज्यांचं पडलेलं नाही त्यांना उगाच कशाला घाबरवा.) पूर्वी या कार्यालयात पडलेल्या सर्व गोष्टींना 'राडारोडा' हा एकच शब्द होता. घर पडलं, राडारोडा. गटाराचं झाकण फुटलं, राडारोडा. मिरवणुकीची कमान कोसळली, राडारोडा. एक शब्द, एक रजिस्टर, एक ट्रॅक्टर. त्यामुळे कामं इतकी झटपट होत की दुपारी तीननंतर काय करायचं, हा कर्मचाऱ्यांपुढे मोठाच प्रश्न असे.

मग वरून संगणकप्रणाली आली. प्रणाली इंग्रजीत होती. तिच्यात राडारोड्याला जागा नव्हती. त्याऐवजी नऊ इंग्रजी शब्दांची यादी होती आणि त्यातला एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. प्रत्येक शब्द वेगळ्या विभागाकडे जाई. डेब्री स्वच्छतेकडे, रबल बांधकामाकडे, रेकेज वाहनांकडे, रूइन्स वारशाकडे, रिमेन्स आरोग्याकडे, अशी ती मांडणी होती. पहिल्या तीन महिन्यांत एकशे बारा प्रकरणं नोंदवली गेली, त्यातली एकसष्ट चुकीच्या विभागाकडे गेली आणि उरलेली एक्कावन्न कुठे गेली ते अद्याप समजलेलं नाही. एका पडलेल्या बसथांब्यापुढे 'रिमेन्स', म्हणजे पार्थिव, असं लिहिलं गेल्यामुळे तिथे शववाहिका आली आणि नातेवाइकांची वाट पाहत दोन तास उभी राहिली.

तेव्हा कार्यालयाने शब्दनिश्चिती समिती नेमायचं ठरवलं, आणि वरिष्ठ लिपिक सिद्धलिंग म्हमाणे आपल्या जुन्या इंग्रजीच्या सरांच्या दारात जाऊन उभा राहिला.

गुरुशांत हिरेमठ सरांनी चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं होतं. त्यांचे विद्यार्थी आता अकलूजच्या कारखान्यापासून बार्शीच्या आडतीपर्यंत सगळीकडे पसरले होते आणि इंग्रजी सगळेच विसरले होते; पण सरांचं एक वाक्य मात्र प्रत्येकाला पाठ होतं. 'इंग्रजीत समानार्थी शब्द नसतात, आळशी विद्यार्थी असतात.' सिद्धलिंग हे वाक्य दोनदा नापास होऊन शिकला होता, त्यामुळे त्याच्या मनात सरांविषयी दुप्पट आदर होता.

"सर, तुमच्याशिवाय कोण हाय आमाला?" तो म्हणाला. "आमचे लोक डेब्रिस म्हणतात सर. एसचा उच्चार करतात."

सरांनी डोळे मिटून घेतले. हा घाव त्यांना सोसला नाही. ते दुसऱ्याच दिवशी रुजू झाले.

निवृत्तीनंतर सात वर्षांनी आणि पत्नी चंद्रिकाबाई गेल्यावर चार वर्षांनी सरांना पुन्हा एक टेबल मिळालं. खुर्चीला टॉवेल होता. दारावर 'शब्दनिश्चिती कक्ष' अशी पाटी लागली. समितीत कागदोपत्री तीन सभासद होते. त्यातले एक वारले होते आणि एक मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. हजेरीपटात दोघांपुढे सारखीच खूण होती. त्यामुळे समितीत मतभेद म्हणून कधी झाले नाहीत.

पहिल्याच आठवड्यात सरांपुढे सत्तावीस छायाचित्रांचा गठ्ठा आला. नाल्याच्या कडेच्या जुन्या बांधकामांचा तो होता. खाली नाव नाही, पत्ता नाही, नुसते क्रमांक. हेतू असा, की शब्द निवडताना कुणाची भीड पडू नये. प्रत्येकापुढे एक नेमका शब्द लिहायचा होता. सरांनी घरून शब्दकोश नेला, चष्मा पुसला आणि कितीतरी वर्षांनी त्यांना तहानभूक विसरायला झालं.

एकोणिसावं छायाचित्र एका भिंतीचं होतं. मागच्या, नाल्याच्या अंगाने काढलेलं. गिलावा गळालेला, दगडांच्या सांध्यात पिंपळाचं रोप, माणूस नाही, दार नाही. सर पाऊण तास त्या भिंतीपाशी अडले. डिलॅपिडेटेड की डेरेलिक्ट? आळशी विद्यार्थ्याने काहीही ठोकून दिलं असतं. पण डिलॅपिडेटेड म्हणजे नुसतं मोडकळीला आलेलं. त्यात कुणीतरी राहत असतं, उद्या डागडुजी करू असं म्हणत असतं. डेरेलिक्ट म्हणजे मालकाने टाकून दिलेलं, वाली नसलेलं. सरांनी छायाचित्र उजेडात धरलं. भिंतीला वाली दिसला नाही. त्यांनी ठसठशीत अक्षरांत 'डेरेलिक्ट' लिहिलं आणि खाली टिंबांसकट पूर्ण सही केली.

ती भिंत शरणम्मा बिराजदारांच्या भाकरीच्या शेडची होती.

हे सरांना कळण्यासारखं नव्हतं. शरणम्मांच्या शेडमध्ये ते रोज दोनदा जात, पण पुढच्या दाराने. सकाळी डबा घ्यायला, संध्याकाळी रिकामा द्यायला. चार वर्षं ते त्यांच्या हातची भाकरी खात होते. शरणम्मांचं माहेर मैंदर्गीचं. त्या व्यवहार मराठीत करत आणि रागवत कानडीत. त्यांच्या शेडमध्ये त्यांच्यासकट सहा बायका रोज ज्वारीच्या कडक भाकऱ्या करत, पापडासारख्या वाळवत, आणि त्या गठ्ठ्यांनी पार पुण्याच्या वसतिगृहांपर्यंत जात. सरांच्या दातांकडे बघून त्यांच्यासाठी मात्र दोन मऊ भाकऱ्या वेगळ्या होत. छायाचित्र काढलं त्या क्षणी भिंतीच्या अलीकडे सहा बायका सहा परातींवर थापत होत्या. पण आवाज छायाचित्रात येत नाही, आणि एखाद्या घराची मागची भिंत बघायला आपण तरी कधी जातो?

आता प्रणालीचा नियम असा होता: डिलॅपिडेटेड असेल तर मालकाला नोटीस, महिनाभराची मुदत, सुनावणी. डेरेलिक्ट असेल तर नोटीस नाही. कारण ज्याला मालकच नाही त्याची नोटीस द्यायची कुणाला? नियमात कुठेही खोट काढता येणार नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेदहाला जेसीबी आला आणि भिंत पडली. (या दोन घटनांमधला संबंध पुढे कुठल्याही कागदावर आढळत नाही.)

त्या दिवशी डबा मिळाला नाही म्हणून चौकशीला गेलेले सर पुढच्या दारातच थबकले. शेडमधून थेट नाला दिसत होता. चुली धुळीने भरल्या होत्या, पिठाच्या डब्यात माती होती. भिंतीचा डावा कोपरा तेवढा उभा होता, त्यात दिव्याचा कोनाडा. बाकीच्या पाचजणी एका ओळीत बसल्या होत्या आणि शरणम्मा आकाशाकडे बघून कानडीत बोलत होत्या.

"शरणम्मा, हे कुणी केलं?" सरांनी विचारलं.

"कुणाला ठावं सर! ड्रायव्हर म्हणला, ह्या भिंतीला मालक न्हाय. मी म्हणलं, मग मी कोण उभारल्ये हितं? तर म्हणतो, मावशी, तुमचं नाव लिस्टात न्हाय, बाजूला व्हा."

"लिस्ट केली कुठल्या गाढवाने?" सर गरजले.



"तुम्ही काळजी करू नका," सर म्हणाले. "मी आता समितीवर आहे. ढीग उद्या उचलला जाईल आणि भिंत आठ दिवसांत उभी राहील. फक्त प्रकरण नेमक्या शब्दात नोंदवलं पाहिजे."

शरणम्मांनी हात जोडले. आपल्या ओळखीचं माणूस आत आहे, याचा आनंद फार मोठा असतो. तो साधारण आठ दिवस टिकतो.

सिद्धलिंगने तातडीने प्रकरणाच्या रकान्यात 'डेब्री' लिहिलं (एसचा उच्चार न करता) आणि ट्रॅक्टर मागवला. पण सरांनी स्वतः जागेवर जाऊन पाहणी केली आणि त्यांच्या मनाला ते पटेना. डेब्री म्हणजे इतस्ततः विखुरलेलं. इथे तर सगळं एका जागी ढीग होऊन पडलं होतं. ओळखीच्या माणसासाठी शब्द वाकवणं सरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी डेब्री खोडून 'रबल' केलं. दारात आलेला ट्रॅक्टर परत गेला.

"सर, ट्रॅक्टर आल्ता की हो दारात!" शरणम्मा म्हणाल्या.

"आला होता, पण चुकीच्या शब्दावर आला होता," सर म्हणाले.

रबल बांधकामाकडे गेलं. तिथून पंधरा दिवसांनी एक कनिष्ठ अभियंता आला, त्याने ढिगात काठी घातली आणि शेरा मारला, की रबल म्हणजे शुद्ध दगडविटा. या ढिगात एक लाकडी चौकट, दोन पत्रे आणि एक पाटा आढळून आला आहे, सबब हे रबल नव्हे. सरांनी तो शेरा वाचला आणि त्यांना त्या अभियंत्याचं कौतुक वाटलं. अजून अशी मुलं आहेत म्हणायची! त्यांनी विचारांती 'रेकेज', म्हणजे धडकून-आपटून झालेली मोडतोड, हा शब्द सुचवला. रेकेज वाहनांकडे गेलं आणि वाहनांकडून पत्र आलं, की अपघातग्रस्त भिंतीचा नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक आणि भिंत त्या वेळी कोण चालवत होतं त्याचा परवाना सात दिवसांत सादर करावा.

तोवर शेडमध्ये वेगळाच कारभार सुरू झाला होता. मार्च संपला, वारा सुटला. चुलीचा जाळ आडवा पळायचा, वाळत घातलेल्या भाकऱ्यांवर नाल्याची धूळ बसायची. नाल्यापलीकडच्या बिरुदेवची शेळी रोज अकराच्या सुमाराला मोकळ्या बाजूने आत येई आणि फक्त पक्क्या वाळलेल्या भाकऱ्या खाई. कच्च्याला तोंड लावत नसे. निवडीच्या बाबतीत ती सरांइतकीच काटेकोर होती.

"सर, शेळी आत येलालीय," शिवबाई म्हणाली. ही सहा बायकांतली सगळ्यात वयस्कर, तिचं आयुष्य भाकरीवर गेलं होतं. "एक साधा दगूड तरी रचू द्या की."

"दगडाला हात लावू नका," सरांनी बजावलं. "शब्द ठरेपर्यंत वस्तुस्थिती बदलता येत नाही."

मग एके दिवशी सरांना तो उभा राहिलेला कोपरा आणि त्यातला कोनाडा नव्याने दिसला, आणि त्यांच्या मनात लख्ख उजेड पडला. काही भाग उभा, काही पडलेला, आणि दोन्ही मिळून गतकाळाची आठवण देणारे. हे रूइन्स! इतके दिवस आपण ढिगाकडे बघत होतो, भिंतीकडे बघितलंच नाही. सरांनी आयुष्यातला सर्वांत नेमका शब्द लिहिला आणि त्या रात्री त्यांना फार शांत झोप लागली.

रूइन्स वारशाकडे गेलं. वारसा विभागाकडे गेल्या अकरा वर्षांत एकही नवं प्रकरण आलेलं नव्हतं, त्यामुळे तिथून सर्वांत वेगाने कारवाई झाली. चौथ्या दिवशी ढिगाभोवती दोरी लागली आणि निळी पाटी उभी राहिली: 'हे अवशेष संरक्षित आहेत. यांना हात लावणे, हलवणे, रचणे अथवा त्यांजवर भाकरी वाळवणे दंडनीय आहे.' शेवटची बाब जागेवर पाहणी करून खास घालण्यात आली होती.

त्यानंतरच्या रविवारी बार्शीच्या ज्येष्ठ नागरिकांची सहल अवशेष बघायला आली. एकोणतीस माणसं होती. त्यांनी कोनाड्याचे फोटो काढले.

"कुठल्या शतकातलं म्हणायचं हे?" एका आजोबांनी शरणम्मांना विचारलं.

"शतक कुटलं? माज्या सासऱ्यानं बांदल्यालं हाय. गवंडी मंगळवेढ्याचा हुता."

आजोबांनी वहीत 'मंगळवेढा शैली' असं लिहून घेतलं. जाताना सगळ्यांनी शेडमधून शेंगाचटणी मात्र विकत नेली.

शरणम्मांच्या कडक भाकरीला आता धुळीची चव येऊ लागली होती. पुण्याच्या वसतिगृहाने कळवलं, की भाकरी दाताखाली करकरते. सहा बायकांतल्या दोघी टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला गेल्या, एक मुलीकडे गेली. राहिल्या तिघी. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी शरणम्मांनी सरांच्या हातात डबा न देता नुसतं दाराला टेकून सांगितलं:

"सर, आजपास्नं डबा होनार न्हाय. चूलच टिकंना. तुमी दुसरीकडं बगा."

त्यात राग नव्हता. राग असता तर त्या कानडीत बोलल्या असत्या. सर बेकरीतून पाव घेऊन घरी गेले. पाव चहात बुडवून खाताना त्यांना जाणवलं, की दोन महिन्यांत त्यांनी या ढिगासाठी तीन शब्द लिहिले होते, तिन्ही निर्दोष होते, आणि प्रत्येक शब्दानंतर त्या शेडमधलं काहीतरी कमी झालं होतं. ट्रॅक्टर गेला, दगड गेले, बायका गेल्या, आता भाकरी गेली. इतका नेमकेपणा आपल्याला कुणी सांगितला होता?

संध्याकाळी ते परत शेडवर गेले. "शरणम्मा, आपण मराठीत साधा अर्ज करू. सांगा काय लिहू."

"सोपं हाय की," शरणम्मा म्हणाल्या. "भिंत पाडली कुनी ते लिवा. त्यानं बांदून द्यावी, असं लिवा. झालं."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. दोन महिन्यांचे सगळे कागद त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. भिंत पडल्याचे आढळून आले. भिंत पाडण्यात आल्याचे दिसते. पडलेल्या भिंतीबाबत. एकाही वाक्यात कर्ता नव्हता. चौतीस वर्षं दहावीच्या पोरांकडून ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करून घेणाऱ्या माणसाच्या हे लक्षात यायला नको होतं? त्यांनी लिहिलं: 'आपल्या कार्यालयाने शरणम्मा बिराजदार यांची भिंत पाडली. ती बांधून द्यावी.'

अर्ज तीन दिवसांत परत आला. इतक्या लवकर त्या कार्यालयातून काही परत आल्याची नोंद नाही. वर शेरा होता: 'अर्जाच्या पहिल्याच वाक्यात कर्ता आढळून आला आहे. सबब अर्ज परत करण्यात येत आहे. कर्ता वगळून सुधारित अर्ज सादर करण्यात यावा.'

सर तडक सिद्धलिंगच्या टेबलाशी गेले. "मला मूळ फाइल दाखव. जेसीबी कुणी पाठवला ते मला बघायचंय."

"सर, चहा घ्या."

"चहा नको. फाइल."

"सर, उनाचं आलाव, बसा तरी. कशाला त्यात पडता? आता सगळं जुनं झालं की."

"सिद्धलिंग, तू नववीत नापास झालास तेव्हा मी तुझा पेपर तुला दाखवला होता की नाही?"

सिद्धलिंगने किल्ल्या काढल्या. त्याने कपाट उघडलं आणि फाइल टेबलावर ठेवून स्वतः खिडकीबाहेर बघत उभा राहिला. सरांनी पानं मागून पुढे उलटली. ड्रायव्हरच्या जबाबात लिहिलं होतं, चिठ्ठीप्रमाणे काम केलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, आदेशाप्रमाणे. आदेशात लिहिलं होतं, सोबतच्या यादीप्रमाणे. यादीत एकोणीस क्रमांकापुढे लिहिलं होतं, समितीने निश्चित केलेल्या शब्दाप्रमाणे. आणि शेवटच्या पानावर, गिलावा गळालेल्या एका भिंतीच्या छायाचित्राखाली, एक शब्द होता आणि टिंबांसकट एक पूर्ण सही होती. अक्षर फार सुंदर होतं.

सरांनी तो शब्द पुन्हा वाचला. त्यांना वाटलं, शब्द तरी चुकलेला असावा. तसा नव्हता. छायाचित्रापुरता तो अगदी बरोबर होता.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापास्नं, सर," सिद्धलिंग खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला. "पण तुमाला कसं सांगनार? तुमी आमचे सर."

सर उन्हातून चालत शरणम्मांकडे गेले. शरणम्मा, शिवबाई आणि आणखी एक बाई दोरीच्या अलीकडे शेंगा निवडत बसल्या होत्या. सरांनी बसायला नकार दिला. उभ्यानेच म्हणाले:

"शरणम्मा, भिंत मी पाडली."

बायकांचे हात थांबले. शिवबाईने सरांच्या काडीसारख्या दंडाकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. "तुमी? सर, तुमच्यानं खलबत्ता उचलंना!"

"शब्दाने पाडली," सर म्हणाले, आणि त्यांनी फोटोपासून सहीपर्यंत सगळं सांगितलं.

"काय लिवलं हुतं म्हणालाव?" शरणम्मांनी शेवटी विचारलं.

"डेरेलिक्ट."

"म्हंजे काय हुतंय?"

सरांनी या प्रश्नाचं उत्तर चौतीस वर्षांत शेकडो वर्गांना दिलं असेल. आता त्यांनी ते सावकाश सांगितलं. "मालकाने टाकून दिलेलं. ज्याला कुणी नाही, असं."

शरणम्मांनी भिंतीच्या उरलेल्या कोपऱ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी हितंच हुते की सर. भिंतीला पाठ लावून थापत हुते. एकवीस वर्सं."

शेळी आली, सरांच्या पिशवीतला अर्ज हुंगून तशीच पुढे गेली. शरणम्मांनी पदराने तोंड पुसलं.

"बरं. पाडली तर पाडली," त्या म्हणाल्या. "आता बांदा."

दुसऱ्या दिवशी सरांनी कार्यालयाला एका ओळीचं पत्र दिलं: 'सदर भिंत मी पाडली.' खाली सही, आणि सोबत समितीचा राजीनामा. (सरांच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंच्या मते हा कर्मणी प्रयोग ठरतो. पण त्यात कर्ता आहे, हे त्यांनाही मान्य आहे.) पत्राचा परिणाम चमत्कारिक झाला. कर्ता मिळाला, आणि तो कार्यालयाबाहेरचा, मानद आणि शिवाय राजीनामा दिलेला निघाला, हे कळताच स्वच्छता, बांधकाम, वाहन आणि वारसा या चारही विभागांनी एका दुपारी आपापल्या फायली बंद केल्या. निळी पाटी, दोरीसकट, संध्याकाळपर्यंत गेली. अवशेषांचं संरक्षण संपलं आणि ते पुन्हा नुसते दगड झाले.

भिंत बांधायला नऊ दिवस लागले. गवंडी शिवबाईच्या नात्यातला होता. दगड वाहायला सर आणि बायका. सिद्धलिंग रजा टाकून आला आणि त्याने चिखल तुडवला. त्यात तो पहिल्या प्रयत्नात पास झाला. सर एकेक दगड उचलून फिरवून बघत आणि तो कुठे नेमका बसेल याचा विचार करत उभे राहत.

"सर, दगडाला अर्थ नसतो," शिवबाई ओरडे. "ठिवा तितं!"

भिंतीला मधोमध किंचित पोट सुटलं आहे. तिला इंग्रजीत काय म्हणतात, हे सरांना ठाऊक आहे. त्यांनी ते अद्याप कुणाला सांगितलेलं नाही. टॉवेलच्या कारखान्यातल्या दोघी परत आल्या. पुण्याचं वसतिगृह अजून विचार करतंय. मऊ भाकरी मात्र पंधरा दिवस बंदच होती. मग एका सकाळी शरणम्मांनी डबा पुढे केला, आणि सरांनी तो घेतला. घरी जाऊन उघडला तर भाकऱ्या कडक होत्या. सरांनी त्या पाण्यात भिजवून, हळूहळू, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ल्या. मऊ भाकरी त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आली.

असो. भिंत कुणी पाडली हे सिद्धलिंगला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तो गप्प बसला, म्हणून त्याला नावं ठेवायचा मोह होणं साहजिक आहे. पण त्याला निदान सरांची भीड होती. आपल्याला, म्हणजे हे वाचणाऱ्याला, ती भिंत पडायच्या आधीपासून सगळं ठाऊक होतं. फोटो ठाऊक होता, शब्द ठाऊक होता, सही ठाऊक होती, थापणाऱ्या सहा बायकाही ठाऊक होत्या. तरी आपण डेब्री आणि रबल यांतला फरक मन लावून समजून घेतलात, शेळीला हसलात, आणि कुणाला चकार शब्द बोलला नाहीत.

शब्दनिश्चिती समितीवर सध्या एक जागा रिकामी आहे. आपण अर्ज करण्याची आवश्यकता नाही. आपले नाव सुचवण्यात आले आहे.